हात द्यायचा नाही

उचगावात त्यांना नावाने कोणी हाक मारत नसे. वीज खात्यातून रिटायर होऊन बारा-तेरा वर्षं झाली तरी ते वायरमनच होते. माझी पिठाची गिरणी होती, त्यामुळे माझा त्यांच्याशी संबंध जुना. मोटार जळली, फेज गेला की मी त्यांच्या दारात जाऊन भांडायची. ते आधी चहा संपवायचे आणि मग यायचे. असा माणूस म्हातारपणी योग शिकवील असं मला कोणी सांगितलं असतं तर मी हसले असते. मी चौथी शिकलेली बाई. योग म्हणजे टीव्हीवर पोट आत ओढणारी माणसं, एवढंच मला माहीत होतं.

त्यांचा वर्ग सकाळी सहाला समाजमंदिराच्या हॉलमध्ये भरायचा. पोशाख ठरलेला. खाली अर्धी चड्डी, वर नोकरीतला खाकी शर्ट, आणि शर्टाच्या खिशात टेस्टर. तो टेस्टर ते आमच्या गुडघ्याला, कमरेला टेकवायचे आणि म्हणायचे, हितनं वाका. पुस्तकातलं एकही नाव त्यांना येत नव्हतं. आसनांना त्यांनी स्वतःची नावं ठेवली होती. एका आसनाचं नाव मीटर बघणे. एकाचं खांब धरणे. पाठीवर निजून पाय वर करायचे त्याला तार तुटली म्हणायचे. एका बाईने ओम म्हणायचं का विचारलं, तर म्हणाले, घरात म्हणा, हितं गुडघा वाकवा.

पण हे सगळं पंधरा मिनिटांत संपायचं. खरा वर्ग त्यानंतरचा. जमिनीवर बसायचं आणि कशालाही न धरता उठायचं. मग आडवं पडायचं आणि उठायचं. मग पालथं पडायचं आणि उठायचं. रोज पाऊण तास आम्ही सतरा-अठरा म्हातारी माणसं फरशीवर पडत होतो आणि उठत होतो. बाहेरून बघणाऱ्याला वेडे वाटत असणार. उठायची पद्धत त्यांनी पायरी पायरीने बसवली होती. आधी कुशीवर वळा. मग कोपर रोवा. मग हात आणि गुडघे, रांगत्या पोरासारखे. मग एक पाऊल पुढे. मग त्या गुडघ्यावर दोन्ही हात, आणि वर. मधेच कुठेतरी ते स्वतः थांबायचे आणि विचारायचे, "आता पुढं काय?" आम्ही ओरडून सांगायचं. चुकीचं सांगितलं तर ते तसेच अर्धवट पडून राहायचे, बरोबर उत्तर येईपर्यंत हलायचे नाहीत.

नियम एकच होता. हात द्यायचा नाही. आपल्याकडे म्हातारं माणूस उठायला लागलं की शेजारचा हात पुढे करतो. ही चांगली सवय म्हणून लहानपणी शिकवलेली असते. वायरमनना ती सवय सापासारखी वाटायची. मी वर्गात पहिल्याच दिवशी शेजारच्या शकीलाभाभीला हात दिला. शकीलाभाभी म्हणजे माझ्या गिरणीसमोर शिलाईचं दुकान चालवणारी, माझ्याहून दोन वर्षांनी लहान. वायरमन हॉलच्या दुसऱ्या टोकावरून ओरडले, "आक्का, राच्याला मोरीत पडल्यावर तुमी हात द्यायला जाणार हाईसा का तिच्या घरात?" भाभी अर्धी उठलेली होती ती परत खाली बसली. मला राग आला. पण भाभी एकटी राहते आणि मीही एकटीच राहते.

माझा मुलगा पुण्यात असतो. गुडघे दुखायला लागल्यापासून तो मला घेऊन जायचं म्हणत होता. त्याचं घर सातव्या मजल्यावर आहे. मी दोनदा जाऊन आले, बरं आहे, पण तिथे मला काही काम नाही. वर्गातल्या बहुतेकांचं असंच होतं. मुलं चांगली होती आणि लांब होती. आज ना उद्या कोणीतरी येऊन आपल्याला उचलून नेणार, हे प्रत्येकाला माहीत होतं.

वायरमनना तर त्याची तारीखच ठरवून दिलेली होती. त्यांची एकुलती एक मुलगी चंदगडला दिलेली. ती दर दिवाळीला यायची आणि आल्या आल्या म्हणायची, बाबा, आता चला माझ्याकडे. मग ते तिच्यासमोर जमिनीवर उताणे पडायचे आणि न धरता उठून दाखवायचे. बापलेकीत तसं ठरलंच होतं. ज्या वर्षी उठता येणार नाही त्या वर्षी निघायचं, त्याआधी नाही. आम्हाला ते दिवाळीनंतर सांगायचे, औंदाबी पास झालो. हसत सांगायचे, पण दिवाळीच्या आधी महिनाभर ते दिवसातनं दोनदा सराव करत, हे भाभीने त्यांच्या खिडकीतून पाहिलं होतं.

खुर्चीवर त्यांचा फार राग. कुठल्यातरी पुढाऱ्याने हॉलला वीस प्लॅस्टिकच्या खुर्च्या दिल्या. वायरमननी त्या मागच्या खोलीत घालून कुलूप लावलं आणि किल्ली देत नाही म्हणाले. लग्नाच्या वेळी लोकांना त्यांच्या दारात जाऊन किल्ली मागावी लागे. योग दिनाला पंचायतीने शहरातून एक पाहुणे बोलावले होते. पांढरेशुभ्र कपडे, छान बोलले. भाषण संपल्यावर वायरमन म्हणाले, पावणं, आता जरा बसून उठून दावा. पाहुणे बसले. उठताना त्यांनी माईकचा दांडा धरला आणि दांडा घेऊनच खाली आले. वायरमननी कोणाला पुढे जाऊ दिलं नाही. पाहुण्यांना कुशीवर वळायला सांगितलं, कोपर रोवायला सांगितलं, आणि उठवलं. पाहुणे खजील झाले होते, पण जाताना म्हणाले, हे चांगलं आहे. पंचायतीने पुढच्या वर्षी पाहुणे बोलावले नाहीत.

ते न बोलावता घरातही यायचे. माझ्याकडे आले तेव्हा मोरीत जाऊन उभे राहिले. तांब्याभर पाणी फरशीवर ओतलं आणि म्हणाले, हितं पडून बगा. मी म्हटलं, डोकं फिरलंय का तुमचं. ते म्हणाले, कोरड्यात समदेच उठत्यात. त्या दिवशी मी पडले नाही. पण ते गेल्यावर कडी लावून पडून बघितलं. ओल्या लुगड्याचं वजन किती असतं ते तेव्हा कळलं. तिसऱ्या खेपेला उठले.

याच भेटीत, माझ्या मोरीतला दिवा दुरुस्त करताना, ते बायकोबद्दल बोलले. त्याआधी कधी बोलले नव्हते आणि नंतरही नाही. वादळात कुठेतरी लाइन पडली होती, त्यामुळे ते दोन दिवस कामावर होते. मुलगी सासरी. घरात बायको एकटी. ती मोरीत घसरली. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ते घरी आले तेव्हा ती तिथेच होती. शुद्धीवर होती. त्यानंतर ती अंथरुणाला खिळली आणि चार महिन्यांत गेली.

"हाड मोडलं नव्हतं, आक्का," ते म्हणाले. "एक्सरे काढला की. कायबी मोडलं नव्हतं. निस्तं उठता आलं न्हाई."

  ते स्टुलावरून उतरले, बटण दाबून बघितलं, दिवा लागला, आणि ते गेले.

मला ते आवडायचे असं मी म्हणणार नाही. हट्टी होते. कोणाची कंबर खरोखर दुखत असली तरी त्यांना ते नाटक वाटायचं. एका म्हाताऱ्याला त्यांनी वर्गातून रडवून घालवलं. पण दोन वर्षांत मी पोत्यावरून उठायला भिंत धरायची थांबले, आणि मुलाने पुण्याला यायचा विषय काढला की मीही फोन भिंतीला टेकवून त्याला उठून दाखवायला लागले. हे त्यांच्यामुळे झालं, ते नाकारून चालणार नाही.

आता ज्या दिवसासाठी हे लिहायला बसले तो दिवस. पावसाळा सरत आला होता. वर्ग नेहमीसारखा चालू होता. वायरमन जरा गप्प होते, पण ते कधी कधी असायचे. मीटर बघणे झालं, तार तुटली झालं. मग ते आमच्यासमोर उताणे पडले. कुशीवर वळले. कोपर रोवलं. आणि थांबले.

आम्ही वाट बघितली. आता पुढं काय, असं त्यांनी विचारलं नाही, पण आम्हाला ते सवयीचं होतं. दुसऱ्या ओळीतून आण्णा म्हणाले, हात आणि गुडघे. आण्णा म्हणजे डेअरीत सुपरवायझर होते ते, वर्गात सगळ्यात हुशार समजले जायचे. वायरमन हलले नाहीत. म्हणजे उत्तर चुकलं. कोणी म्हणालं, डावा गुडघा आधी. कोणी म्हणालं, मान वर. एक बाई म्हणाली, श्वास सोडा. आम्ही एकेक उत्तर देत होतो आणि ते हलत नव्हते. त्यांचे डोळे उघडे होते आणि ते आमच्याकडेच बघत होते. काही जण हसायला लागले. आज लईच अवघड पेपर काढलाय म्हणाले.

शकीलाभाभी माझ्या शेजारी होती. ती म्हणाली, "आक्का, त्यांच्या तोंडातनं लाळ येतीया."

मला ती दिसत होती. तिने सांगायच्या आधी मी पाहिली होती. डाव्या बाजूने ओठ खाली आला होता. भाभी उठायला लागली, त्यांच्याकडे जायला. मी तिचं मनगट धरलं आणि खाली ओढलं. "बस," मी म्हटलं. "वरडतील."

हे माझे शब्द आहेत. दुसऱ्या कोणाचे नाहीत.

ती बसली. त्यानंतर आम्ही किती वेळ बसलो ते मला माहीत आहे, कारण समोर भिंतीवर घड्याळ होतं. वीस मिनिटं. अठरा माणसं एका माणसाभोवती बसून तो उठायची वाट बघत होती, आणि त्याला चुकीची उत्तरं देत होती. शेवटी भाभीने माझा हात झटकला आणि गेली. तिने त्यांच्या खांद्याला हात लावला आणि ते लाकडासारखे कलले. मग धावाधाव. रिक्षा, आण्णांचा फोन, शहरातला दवाखाना.

डॉक्टर तरुण होता. त्याने पहिलंच विचारलं, किती वेळ झाला, पहिल्यांदा कधी लक्षात आलं. आण्णा म्हणाले, पाच मिनिटांत आणलं बघा. डॉक्टरने आमच्या तोंडाकडे बघितलं. उचगावातून तिथे यायलाच त्याहून जास्त वेळ लागतो. भाभी माझ्याकडे बघत होती. मी जन्मभर तोंडाने फटकळ म्हणून ओळखले गेले. पीठ जाड आलं म्हणणाऱ्याला मी दाणेच जाड होते म्हणून परत पाठवलेलं आहे. त्या दिवशी मी गप्प बसले. भाभीच म्हणाली, अर्धा तास तरी झाला असंल. डॉक्टरने ते लिहून घेतलं.

लकवा. डावी बाजू गेली, बोलणं अडखळलं. जीव वाचला. मुलगी आली आणि दहा-बारा दिवसांनी त्यांना गाडीत घालून चंदगडला घेऊन गेली. ठरल्याप्रमाणेच झालं म्हणायचं. दिवाळी यायची होती, पण ती कोणी मोजली नाही.

वर्ग बंद पडला. खुर्च्या बाहेर आल्या. आण्णा म्हणायचे, लगेच नेलं म्हणून तर वाचले. मी त्यांना एकदा सांगितलं, परत असं माझ्यासमोर बोलू नका. भाभीने मला कधी काही म्हटलं नाही. तिने म्हटलं असतं तर बरं झालं असतं. तीन महिने मी ते घेऊन फिरले. शेवटी एका सकाळी पिशवी भरली, भाभीला सांगितलं आणि चंदगडच्या एसटीत बसले. त्यांना भेटायला म्हणून नाही. मुलीला सांगायला.

घर रस्त्याच्या कडेलाच होतं, मागे काजूची झाडं. ओटीवर एक सुतार फळीला रंधा मारत बसला होता. मुलगी मला ओळखत होती. लहानपणी माझ्या गिरणीत डबा घेऊन यायची. आता पन्नाशीची बाई, डोळ्यांखाली काळं. तिने पाणी दिलं, चहा ठेवला, आणि मी बसायच्या आतच बोलायला लागली. बोलायला तिला माणूस मिळालं नव्हतं असं दिसलं.

बाबा रोज खाटेवरून खाली घसरतात म्हणाली. मुद्दाम. आणि मग उठायला बघतात. तास-तास लागतो. बऱ्याचदा उठता येतच नाही. हात दिला तर उजव्या हाताने ढकलतात, तोंडाला येईल ते बोलतात, ते आता नीट कळतही नाही. हात नाही दिला तर शेजारणी दारातून बघतात आणि गावभर सांगतात की बापाला जमिनीवर टाकून ठेवते. नवरा म्हणाला, फळी मारून घेऊ खाटेला, म्हणजे घसरणार नाहीत. म्हणून सुतार.

ते आतल्या खोलीत होते. लोखंडी पट्ट्यांची उंच लाकडी खाट, तिच्यावर भिंतीकडे तोंड करून पडले होते. मी आले ते त्यांना कळलं होतं, पण वळले नाहीत. मला वाटलं, माझ्यावर राग असेल. मुलगी म्हणाली, तुमच्यावर नव्हे, सुतारावर हाय.

मी तिला बाहेर ओटीवर बोलावलं आणि सगळं सांगितलं. वीस मिनिटं. भाभी उठली होती आणि मी तिला खाली ओढलं, तेही सांगितलं. ओठ दिसत होता तेही. दवाखान्यात मी गप्प बसले तेही. सुतार तिथेच होता, त्याच्यासमोर सांगितलं. त्याने रंधा थांबवला आणि परत चालू केला.

ती उठली. आत गेली. भांडी वाजली. मी बसून राहिले. मला वाटलं, आता ही मला जा म्हणणार, आणि तिचं बरोबर असेल. बऱ्याच वेळाने ती आली. डोळे पुसलेले दिसत होते, पण आवाज साधा होता.

"लगीच उचललं असतं तर बरं झालं असतं का?"

"झालं असतं," मी म्हटलं. "किती, ते डॉक्टरला म्हाईत."

"मग आता मी काय करू? उचलू का नगं?"

हे तिने मला विचारावं याचं मला आश्चर्य वाटलं. सगळ्या गावात याचं उत्तर द्यायला मी शेवटचं माणूस. पण कदाचित म्हणूनच विचारलं असेल. मी जे मला कळलं होतं तेवढं सांगितलं. "तोंड बघ त्यांचं. तोंड सरळ असलं तर बसून ऱ्हा, किती का येळ लागंना. वाकडं दिसलं तर इचारत बसू नगंस. उचल."

"तोंड तर आता रोजच वाकडं हाय की, मावशी."

"रोजच्यापेक्षा वाकडं."

ती हसली नाही, पण तिच्या तोंडावरचं काहीतरी सैल झालं. ती उठली आणि सुताराला म्हणाली, फळी राहू द्या. सुतार वैतागला. तासभर रंधा मारलेली फळी होती. ती म्हणाली, खाटेचं पाय कापून द्या. वर चढता येत न्हाई एवढी उंच हाय, म्हणून तर ह्यो तास जातोय.

सुताराने आत येऊन खाट बघितली आणि म्हणाला, पाय कापायचे तर खाट उलटी करायला पाहिजे, आजोबांना उचला. मुलीने माझ्याकडे बघितलं. मग बापाकडे बघून म्हणाली, "बाबा, उतरा. खाट पायजे."

वायरमन भिंतीकडून वळले. केस पांढरे झाले होते, खाकी शर्टाच्या जागी जावयाचा बनियन. त्यांनी आधी मला बघितलं, मग सुताराला, मग त्याच्या हातातली करवत. त्यांना कळलं. उजव्या हाताने त्यांनी डावा पाय खाटेबाहेर लोटला, एखादं पोतं लोटावं तसा. मग कुशीवर वळले. कोपर रोवलं. आम्ही तिघं भिंतीला टेकून उभे होतो. सुताराने बिडी काढली आणि परत खिशात ठेवली. मी सबंध वेळ फक्त त्यांचं तोंड बघत होते. घाम आला होता, ओठ खाली होता, पण ते वळले तेव्हा होता तेवढाच. ते खाली यायला पाव तासाहून जास्त वेळ लागला. शेवटी धपकन बसले, भिंतीला पाठ लावली आणि धापा टाकत राहिले. मुलीचे दोन्ही हात पदरात गुंडाळलेले होते.

सुताराने खाट उलटी केली आणि पायांवर पेन्सिलीने खुणा केल्या. चार बोटं. वायरमननी नाही म्हणून मान हलवली. सहा. परत मान हलवली. मग उजव्या हाताची दोन बोटं वर केली, अजून दोन म्हणून.

"आजोबा," सुतार म्हणाला, "एवढं कापलं तर खाली मांजरबी शिरायचं न्हाई."

वायरमन काहीतरी बोलले. मला कळलं नाही, मुलीला कळलं. ती सुताराला म्हणाली, मांजर नाही आमच्यात, कापा. करवत चालू झाली. भुसा त्यांच्या पायावर पडत होता तरी त्यांनी बोटं खाली घेतली नाहीत.